नॅरोबोटवरच्या गॅस गीझरचं पाणी मध्येच गार होतंय? आधी हे तपासा

इंग्लंडच्या कालव्यांवर बोटीत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय, पण बोट घ्यायच्या विचारात असलेल्यांनीही वाचायला हरकत नाही. ऑक्टोबर लागला की हा प्रश्न सुरू होतो. अंगाला साबण लावलेला असतो आणि शॉवर एकदम गार पडतो, दहा सेकंदांनी परत गरम, परत गार, आणि मग गीझर बंदच. माझ्या बोटीवर आणि आसपास बांधलेल्या बोटींवर हा बिघाड मी पुष्कळदा निस्तरलाय आणि त्यातून एकच गोष्ट पक्की कळलीये: लोक आधी गॅसवर संशय घेतात आणि दोष बहुतेक वेळा पाण्यात निघतो. म्हणजे नळ, जाळी, पंप, बॅटरी, नाहीतर नुसतं फिरवायचं बटण. आणि हे सगळं आपण स्वतः बघू शकतो. गॅसच्या बाजूला मात्र सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडबंद करणं एवढंच आपलं काम, त्यापुढे पाना लावायचा नाही. मी गॅस इंजिनिअर नाहीये, म्हणून खाली जे लिहिलंय ते त्या मर्यादेतलंच आहे.

काहीही उघडायच्या आधी

खालीलपैकी काही दिसत असेल तर ही पोस्ट बाजूला ठेवा, गीझर बंद, सिलेंडर बंद, आणि इंजिनिअरला फोन.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. गीझर चालू असताना डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं आणि बाहेर गेलं की बरं वाटतं. ज्योत निळी नसून पिवळी, आळसटलेली दिसते. गीझरच्या पुढच्या पत्र्यावर किंवा धुराड्याच्या सांध्यापाशी काजळी धरलीये. पेटताना 'भप्प' असा मोठा आवाज होऊन ज्योत बाहेर येते. किंवा गॅसचा वास येतोय.

वासाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण घर आणि बोट यात इथे फार फरक आहे. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड असतो. घरात गळती झाली तर दाराखालून, खिडकीतून थोडाफार तरी बाहेर जातो, बोटीत तो लाकडी फरशीखाली बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, उतरतो आणि तिथेच साचून राहतो, बोटीच्या तळाला भोक नसतं हो. म्हणून वास आला तर एकही स्विच दाबायचा नाही, बिल्ज पंप नाही, इंजिन नाही, दिवा नाही. सिलेंडर बंद करायचा, सगळी दारं आणि हॅच उघडायची, सगळ्यांनी काठावर उतरायचं आणि तिथून फोन करायचा.

गीझर चालतो कसा, थोडक्यात

हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. नॅरोबोट जेमतेम ६ फूट १० इंच रुंद, त्यामुळे रचना जवळपास सगळीकडे तीच. पुढच्या टोकाला पाण्याची टाकी, तिथून १२ वोल्टचा पंप पाणी ओढतो आणि नळांकडे ढकलतो, वाटेत भिंतीवर गीझर. गॅसचे सिलेंडर बंद कप्प्यात, बहुतेक बोटींवर तोही पुढेच.

तुम्ही गरम नळ सोडला की गीझरमधून पाणी वाहायला लागतं, त्या वाहण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा हलतो, पडदा एक दांडी ढकलतो आणि दांडी गॅसचा व्हॉल्व्ह उघडते. म्हणजे गॅसला हुकूम पाणी देतं. पाण्याची धार मिनिटाला साधारण दोन-अडीच लिटरच्या खाली आली की पडदा मागे येतो आणि बर्नर विझतो, ही सुरक्षा आहे, नाहीतर आतली तांब्याची नळी उकळून फुटेल. आता गरम-गार-गरम का होतं ते बघा: धार त्या सीमारेषेवर डळमळते, बर्नर पेटतो विझतो पेटतो. म्हणून सगळा शोध धारेचा.

लक्षणं नीट बघून घ्या

दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा, मग हात लावा.

- पाणी ठराविक लयीत गरम-गार होतं आणि पंपाचा आवाजही त्याच लयीत सुरू-बंद: पंप किंवा अ‍ॅक्युम्युलेटर (धार सारखी ठेवणारी हवेची छोटी टाकी, तपासणी ६ बघा).
- गरम नळ एकटा सोडला तर ठीक, पण गार पाणी मिसळलं की बर्नर विझतो: मिसळण्याची पद्धत, नाहीतर शॉवरचं तोंड तुंबलंय.
- किचनच्या नळाला छान गरम, शॉवरला नाही: दोष शॉवरमध्येच, गीझरला हातही लावू नका.
- बर्नर सतत चालू आहे, विझत नाही, पण पाणी कोमटच: बहुतेक थंडीचा हिशेब, पहिली तपासणी वाचा.
- टकटक ठिणगीचा आवाज येतो पण पेटत नाही, किंवा ठिणगीच नाही: सेल किंवा गॅस संपला.
- सुरुवातीला भक्कम ज्योत, पाच-सात मिनिटांनी हळूहळू खाली बसते: सिलेंडरची बाजू.
- पायलट (बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) पेटतो पण बटण सोडलं की विझतो: थर्मोकपल, म्हणजे ज्योत आहे तोवरच गॅस चालू ठेवणारा भाग, हे आपलं काम नाही.

तपासणी १: थंडीचा हिशेब (खर्च शून्य)

आपली पाण्याची टाकी बोटीच्या पोलादी तळाला टेकलेली असते आणि तळ कालव्यात, त्यामुळे टाकीतलं पाणी कालव्याइतकंच गार. जुलैत ते २० डिग्री असतं, जानेवारीत ५. बोटीवरचा नेहमीचा छोटा गीझर मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ डिग्रीने तापवतो, म्हणजे उन्हाळ्यात ४५ आणि हिवाळ्यात ३०. ३० डिग्रीला आपण गरम पाणी म्हणतच नाही. गीझर बिघडलेला नाहीये, त्याची ताकद तेवढीच आहे, सुमारे साडेदहा किलोवॅट.

उपाय: धार कमी करा. मिनिटाला ४ लिटरवर आणलं तर तोच गीझर तेच पाणी ४२ डिग्रीपर्यंत नेतो. बऱ्याच गीझरवर दोन बटणं असतात, एक गॅसचं आणि एक पाण्याचं, हिवाळ्यात पाण्याचं बटण 'जास्त गरम'कडे वळवायचं. मोजायला एक लिटरचा जग आणि मोबाईलचं घड्याळ पुरतं, जग १५ सेकंदांत भरला की ४ लिटर. पण फार कमी केलंत, अडीच लिटरच्या आसपास, तर परत ती डळमळती सीमारेषा, आणि मग लोक म्हणतात बटण फिरवल्यापासून बिघाड वाढला.

माझं मत सांगू का, हिवाळ्यात बोटीवर सरळ बादली आणि तांब्या. धार ४ लिटरवर स्थिर ठेवायची, नळ एकदाच सोडायचा, चार मिनिटांत १६ लिटरची बादली भरते, एकदाच बर्नर पेटतो एकदाच विझतो, आणि गॅस जेमतेम ६५ ग्रॅम लागतो. नळ सारखा उघडबंद करणं या गीझरला मानवत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर बादलीच बरी, कारण गीझरच्या नळीत अडकलेलं पाणी नळ बंद केल्यावरही तापत राहतं आणि परत नळ सोडला की पहिली धार चटका बसेल इतकी कढत येते.

तपासणी २: गार पाणी मिसळताय का?

घरी सवय असते की गरम नळ पूर्ण आणि वरून गार. बोटीवरचा पंप मात्र एकच आणि लहान, गार नळ उघडला की पाणी तिकडे पळतं, गीझरमधली धार घटते आणि बर्नर विझतो. शॉवरला मिक्सर असेल तर तो पूर्ण गरमकडे ठेवा आणि तापमान गीझरच्या बटणावर ठरवा. आंघोळ चालू असताना दुसऱ्याने किचनचा नळ सोडायचा नाही, हेही त्यातच आलं. बऱ्याच बोटींवर एवढ्यावरच प्रश्न मिटतो.

तपासणी ३: शॉवरचं तोंड आणि नळाच्या जाळ्या

लंडन आणि त्याच्या वरचा चिल्टर्न टेकड्यांचा पट्टा हा खडूच्या दगडाचा, पाणी जड, क्षार भरपूर. बर्मिंगहॅमला मात्र वेल्समधल्या एलन खोऱ्यातून पाणी येतं, ते हलकं. लंडन ते बर्मिंगहॅम जाणाऱ्या ग्रँड युनियन कालव्यावर वर-खाली करणाऱ्यांना हे लगेच कळतं: उत्तरेत सहा महिने काढलेली बोट दक्षिणेत आली की थोड्याच दिवसांत शॉवर तक्रार करायला लागतो. बर्कहॅमस्टेडजवळ एका शेजाऱ्याच्या शॉवरचं तोंड मी उघडलं तेव्हा निम्म्याहून जास्त भोकं पांढऱ्या खड्यांनी बुजलेली होती, उरलेल्यांतून पाण्याच्या तिरक्या सुया निघत होत्या, आणि आतल्या रबरी वॉशरवर वाळूसारखा थर, नखाने खरवडला की तुकडे पडायचे. त्याने नवीन गीझरची चौकशी आधीच सुरू केली होती.

तोंड काढा, वाटीभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. नळांच्या टोकाला बारीक जाळी असते तीही अशीच. खात्री करायची असेल तर तोंड न लावता नुसत्या पाइपने पाणी सोडून बघा, बर्नर स्थिर राहिला तर दोष सापडला. अजून एक: 'पाणी वाचवणारे' म्हणून विकतात ते शॉवर बोटीच्या छोट्या गीझरला चालत नाहीत, ते धार मुद्दाम कमी करतात.

तपासणी ४: सिलेंडर आणि सेल

सिलेंडर उचलून बघा किंवा वजनकाट्यावर ठेवा, रिकाम्याचं वजन सिलेंडरवरच लिहिलेलं असतं. दोन सिलेंडर असतील आणि आपोआप बदलणारा रेग्युलेटर नसेल तर दुसऱ्यावर जा. त्याआधी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना तेही बघा, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह शेगडीला पुरतो, गीझरला नाही.

आणि इथेच एक फसवणूक होते. लोक शेगडीचा एक बर्नर पेटवतात, ज्योत चांगली दिसते, म्हणतात गॅस व्यवस्थित आहे. शेगडीचा एक बर्नर दीड-दोन किलोवॅटचा, गीझर खातो बारा-तेरा. म्हणून शेगडीचे सगळे बर्नर पेटवा आणि मग कुणालातरी गरम नळ सोडायला सांगा. शेगडीची ज्योत एकदम खाली बसली तर गॅस पुरत नाहीये: सिलेंडर संपत आलाय, लहान आहे, रेग्युलेटर थकलाय, किंवा पाइप अपुरा आहे. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात, बाकीच्या इंजिनिअरच्या.

लहान सिलेंडरचं असं की आतल्या द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते, ती सिलेंडरच्या पत्र्यातून येते, आणि ३.९ किलोच्या सिलेंडरला पत्रा तो केवढा. गीझर चालला की सिलेंडर आणखी गार पडतो, बाहेरून दव धरतं, कधी बर्फ, आणि दाब उतरतो. १३ किलोचा घेतला की हा त्रास बहुधा जातो. निळा सिलेंडर असेल तर तो ब्युटेन, शून्य डिग्रीच्या आसपास त्याचा वायू होणंच थांबतं, त्यामुळे डिसेंबरात अर्धा भरलेला निळा सिलेंडरही मेल्यासारखा वागतो. बोटीवर बारा महिने राहायचं तर लालच, म्हणजे प्रोपेन, तो उणे ४२ पर्यंत वायू होतो. पण निळ्यावरून लालवर जाताना रेग्युलेटर आणि जोडणी वेगळी लागते, तिथे जुगाड नको.

ठिणगीवाला गीझर असेल तर त्यात मोठे डी साइजचे सेल असतात, ते बदला. ठिणगी मंद, टकटक संथ, म्हणजे सेल उतरलेत. रिचार्जेबल टाकू नका, त्यांचं वोल्टेज मुळातच कमी असतं.

तपासणी ५: पंप, गाळणी, बॅटरी

पंपाच्या तोंडाशी पारदर्शक टोपणाची छोटी गाळणी असते. पंपाचा स्विच बंद करून, नळ सोडून दाब उतरवून टोपण फिरवा. टाकीतली गंजाची पूड, रंगाचे पापुद्रे, कधी हिरवट गाळ, सगळं इथे अडकतं. जुन्या बोटींच्या टाक्या पोलादाच्याच असतात, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी ही गाळणी धुवायचीच. टोपण परत लावताना रबराची रिंग नीट बसली नाही तर पंप हवा ओढतो आणि नळ फसफसतो, तेही गरम-गार होण्याचं कारण.

मग बॅटरी. मल्टिमीटर नसेल तर घ्या, बोटीवर राहणाऱ्याकडे तो हवाच. पंप चालू असताना पंपाच्या वायरींवर वोल्टेज मोजा, बॅटरीवर नाही. बॅटरीवर १२.४ दाखवतंय आणि पंपावर ११, तर मधला वोल्टेज वायर किंवा सांधा खातोय, कुठेतरी काळपट-हिरवं पडलेलं कनेक्शन सापडेल. मागच्या बॅटरीपासून पुढच्या पंपापर्यंत ५७ फुटांच्या बोटीत केवढी लांब वायर जाते विचार करा, बारीक वायर टाकलेली असेल तर पंप कायमच अशक्त. 'सकाळी गीझर चालत नाही, दुपारी सोलर आल्यावर चालतो' ही तक्रार कुणी केली की मी आधी इथेच बघतो.

तपासणी ६: अ‍ॅक्युम्युलेटर

हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आणि लयीत गरम-गार होण्याचं नेहमीचं कारण, म्हणून जरा वेळ देतो. पंपाजवळ नारळाएवढी किंवा त्याहून मोठी टाकी असते, आत फुग्यासारखी रबरी पिशवी, एका बाजूला हवा दुसऱ्या बाजूला पाणी. पंप दाबाच्या स्विचवर चालतो: दाब भरला की बंद, उतरला की सुरू. टाकीतली हवा हे धक्के झेलते आणि धार सारखी ठेवते. हवा उतरली की पंप दर सेकंदाला सुरू-बंद व्हायला लागतो आणि गीझरचा पडदा त्याबरोबर नाचतो.

तपासायचं असं. पंप बंद. सगळे नळ उघडून पाणी थांबेपर्यंत दाब जाऊ द्या, हे न करता मोजलं तर आकडा चुकीचा येतो. टाकीच्या टोकाला सायकल-मोटारीला असतो तसाच व्हॉल्व्ह आहे, त्यावरचं प्लास्टिकचं टोपण काढा आणि मधली पिन नखाने क्षणभर दाबा. हवा आली तर ठीक. पाणी आलं तर आतली पिशवी फाटली, टाकी बदला, दुसरा इलाज नाही. हवा आहे पण दाब कमी तर टायरच्या साध्या हातपंपाने भरा. किती? पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्यापेक्षा किंचित कमी, तो आकडा पंपावरच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकात असतो. भरताना घाई नको, थोडी हवा, मोजा, परत थोडी.

मग नळ बंद, पंप सुरू, आणि गरम नळ सोडून कान देऊन ऐका. पंपाचा आवाज आता एकसलग यायला हवा, किंवा सुरू-बंद झाला तरी मध्ये चांगला मोकळा वेळ जायला हवा.

तपासणी ७: गीझरच्या तोंडाची जाळी

वरचं सगळं होऊनही फक्त गरम नळाची धार बारीक असेल आणि गार नळ जोरात असेल तर गीझरमध्ये पाणी शिरतं तिथली छोटी जाळी बघा. आधी सिलेंडर बंद, पंप बंद, दाब उतरवलेला, खाली तसराळं आणि फडकं. फक्त पाण्याचा सांधा उघडायचा. गॅसचा पाइप शेजारीच असतो, दोन्ही तांब्याचे दिसतात, म्हणून सिलेंडर बंद करून पाइप हाताने मागेपर्यंत धरत जा आणि खात्री करा. जरा जरी शंका असेल तर सोडून द्या. जाळी धुतली, परत बसवली, सांधा कोरडा आहे बघितलं, की आपलं काम संपलं.

इथे थांबायचं

इथपर्यंत येऊन प्रश्न कायम असेल तर आता जे उरतं ते असं: पाण्याच्या व्हॉल्व्हमधला पडदा कडक झालाय किंवा फाटलाय, थर्मोकपल गेलाय, पायलटच्या जेटमध्ये कोळ्याचं जाळं किंवा धूळ, धुराडं नीट ओढत नाहीये म्हणून त्याचा सेन्सर गॅस तोडतोय, नाहीतर रेग्युलेटर. यातलं एकही आपण करायचं नाही. जेटमध्ये सुई घालून साफ करणारे भेटतात, त्या भोकाचा आकार अगदी मोजून ठेवलेला असतो, सुईने ते जरासं मोठं झालं की गॅस-हवेचं प्रमाण बिघडतं आणि जळणं अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आणि सेन्सर सारखा तोडतोय म्हणून त्याच्या वायरी जोडून टाकणं, हे तर कुणी सुचवलं तरी करू नका. तो सेन्सर सांगतोय की धूर केबिनमध्ये परत येतोय.

धुराचा मुद्दा हिवाळ्यात खरोखर गंभीर होतो. जुने गीझर केबिनमधलीच हवा वापरतात आणि छतातल्या धुराड्याने बाहेर टाकतात. थंडीत आपण काय करतो, दारांतल्या झडपा आणि छतावरचे हवेचे टोप कापडाने बुजवतो, कोळशाची शेगडी पेटवतो, किचनचा एक्झॉस्ट पंखा लावतो. शेगडी आणि पंखा दोघंही हवा ओढतात, यायला वाट नसते, मग गीझरच्या धुराड्यातून हवा उलटी आत येते आणि धूर घेऊन येते. हवेच्या झडपा कधीही बुजवायच्या नाहीत, गारठा लागला तरी. आपल्याकडे महाराष्ट्रात बाथरूममधल्या गॅस गीझरने गुदमरून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात, वायू तोच आणि बोटीची केबिन त्या बाथरूमपेक्षा फार मोठी नसते. १ एप्रिल २०१९ पासून बोट सेफ्टी स्कीममध्ये (बोटींच्या सुरक्षा तपासणीची इथली योजना) राहत्या जागेच्या बोटींना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. झोपायच्या जागेजवळ एक आणि गीझर-शेगडीच्या भागात एक असे दोन ठेवा, आणि बटण दाबून चाचणी नियमित करा.

बोलवायचं कुणाला: गॅस सेफ रजिस्टरवरचा (गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांची इथली अधिकृत यादी) माणूस, पण कुठलाही नाही. त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला त्याला कोणकोणतं काम करता येतं ते लिहिलेलं असतं, त्यात एलपीजी आणि बोटी या दोन्ही गोष्टी असल्या पाहिजेत. घरांचे बॉयलर बघणारा उत्तम इंजिनिअर असला तरी बोट त्याच्या कार्डावर नसेल तर त्याने हात लावायचा नाही. राहत्या बोटीवरचं गॅसचं काम अशाच माणसाकडून करून घेणं १९९८ च्या गॅस नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. त्याला फोनवर काय काय तपासलंय ते सांगा, तो पंप आणि जाळ्या बघण्यात वेळ घालवणार नाही आणि तुमचे पैसे वाचतील.

तो येईपर्यंत एक बघता येतं. गॅसच्या कप्प्यात बबल टेस्टर बसवलेला असेल (काचेची छोटी कुपी आणि वर लाल बटण) तर शेगडी, गीझर, पायलटसकट सगळं बंद करा, सिलेंडर उघडा ठेवा, बटण दाबून काचेत बघा. बुडबुडे आले तर कुठेतरी गळती आहे, सिलेंडर लगेच बंद करा आणि तो येईपर्यंत उघडू नका. त्याच कप्प्याच्या तळाला गॅस बाहेर जायचं भोक असतं, त्यावर दोर, पानं, चिखल नाही ना तेही बघा.

गोठवणारी थंडी पडली की

रात्री शून्याखाली जाणार असेल आणि बोटीत कोळशाची शेगडी पेटती नसेल तर गीझर रिकामा करून ठेवा: पंप बंद, नळ उघडे, गीझरच्या खालचा पाणी सोडायचा स्क्रू काढलेला. आतल्या तांब्याच्या नळीत पाणी गोठलं की ती फाटते, आणि हे कळतं बर्फ वितळल्यावर, पंप सुरू केल्यावर आतून पाण्याची चिळकांडी उडते तेव्हा. फाटलेल्या नळीला डाग देऊन चालवायचं नाही, बहुतेक वेळा ती गीझर बदलण्याचीच वेळ असते.

बदलायचाच असेल तर

एक प्रश्न आपल्या लोकांकडून हमखास येतो: भारतातून गॅस गीझर स्वस्तात मिळतो, बॅगेतून आणू का? नाही. आपल्या घरगुती सिलेंडरचा दाब साधारण ३० मिलिबार असतो, इथे बोटींवर प्रोपेनचे रेग्युलेटर बहुधा ३७ चे, आणि त्या गीझरना बरेचदा धुराडंच नसतं. कुठलाही इंजिनिअर तो जोडणार नाही, बोट सेफ्टीची तपासणी दर चार वर्षांनी असते त्यातही पास होणार नाही, आणि ते सर्टिफिकेट नसेल तर बोटीचं लायसन्स मिळत नाही. पण कागदापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो बंद केबिनमध्ये जीव घेईल.

नवीन गॅस गीझर घ्यायचा तर रूम-सील्ड घ्या, म्हणजे हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच टाकतो, केबिनशी संबंध नाही. बाथरूममध्ये बसवायचा असेल तर इथल्या नियमांनी दुसरा चालतच नाही. महाग पडतो, पोलादात भोक पाडावं लागतं, पण माझं म्हणणं, पैसे घालायचे तर इथेच घाला.

दुसरा रस्ता कॅलोरिफायर, म्हणजे इन्सुलेशन केलेली गरम पाण्याची टाकी, जिच्या आतल्या वेटोळ्यातून इंजिनचं गरम पाणी फिरतं. रोज बोट हलवणाऱ्यांना फुकटात गरम पाणी. पण आपण बहुतेक जण दोन आठवडे एकाच जागी बांधून असतो, मग त्यासाठी इंजिन तास-दीड तास चालवावं लागतं, आणि बांधलेल्या बोटीवर रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवायचं नाही असा नियम आहे, म्हणजे पहाटेची आंघोळ आदल्या संध्याकाळच्या पाण्यावर.

'सोलर आहे, इमर्शन रॉडने तापवू' म्हणणाऱ्यांनी आधी हिशेब करावा. ५५ लिटर पाणी ५ वरून ५० डिग्रीवर न्यायला जवळपास २.९ युनिट वीज लागते. एक किलोवॅटच्या रॉडला तीन तास, आणि १२ वोल्टच्या बॅटरीतून काढायचं तर २४० अँपिअर-तास, वर इन्व्हर्टरचं नुकसान वेगळं. जूनमध्ये दुपारी बॅटरी भरून सोलर वाया जात असेल तर जरूर करा. डिसेंबरात नाही, बॅटऱ्या मरतील. काठावरची वीज मिळणाऱ्या मरिनात असाल तर मात्र सगळ्यात सोपा आणि सुरक्षित उपाय हाच.

डिझेल हीटरने कॅलोरिफायर तापवणं हा तिसरा मार्ग, हिवाळ्यात रेडिएटरही त्यावरच चालतात. पेटताना बॅटरीतून चांगलीच वीज ओढतो आणि सर्व्हिसिंग वेळच्या वेळी लागतं, तेवढी तयारी असेल तर चांगला.

यातलं काहीही निवडलं तरी जुना गीझर काढून गॅसचा पाइप बंद करणं हे गॅस सेफवाल्याचंच काम, कारण नुसती बूच मारलेली लाइन तुमच्या पलंगाखालून जात असते. त्याने काम झाल्यावर गळती तपासून दिलेला कागद बोटीच्या फाइलमध्ये ठेवा, पुढच्या तपासणीला तो दाखवता येतो. आणि कॅलोरिफायर बसवलात तर नळांच्या आधी तापमान ठरवणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह घालायला सांगा, इंजिनने तापवलेलं पाणी सहज ७०-८० डिग्रीला जातं आणि लहान मुलाचा हात त्याखाली गेला तर गंभीर भाजतं.